तलावाचा कोपरा आणि ब्राझीलची वाळू

सांतो आमारो, ब्राझील
१८ मे २०२४

इंदुताई,

पाया पडते. मी पोचली. तीन विमानं, दोन बसा अन् एक जीप, एवढं करून पोचली, अन् अजून जित्ती हाय.

कागदावर लिहून त्याचा फोटो काऊन पाठवून राह्यली, ते पहिले सांगते. बोलून पाठवलं का तुमच्या मोबाइलमधून अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू जाते. त्याचा आवाज कमीच होत नाई. अन् मले जे सांगायचं हाय ते तुमच्या भावाच्या कानावर जाऊ द्यायचं नाई.

तळ्यातल्या मच्छीवर जगनाऱ्या बायांची सभा दोन दिवसांत आटोपली. आपल्या देशातून आमी पाच जनी. मी आपल्या तलावाबद्दल बोलली, नागपूरच्या संस्थेतल्या रीतानं इंग्रजीत सांगितलं, मंग कोनी अजून त्यांच्या बोलीत सांगितलं. माह्या एका वाक्यावर लोक तीनदा हासले, एकेक भाषा पोचन तसे.

आता खरी गोष्ट. सभा झाल्यावर आमाले तीन दिवस पायी वाळवंटातून नेनार हायेत. हे मले निघायच्या आधीपासून माहीत होतं. सांगितलं असतं तर तुमच्या भावानं माही पेटी लपवली असती.

काल नुसतं दाखवाले नेलं. जीप थांबली. समोर पांढऱ्या वाळूचा डोंगर, पांढरा म्हंजे धुतलेल्या तांदळासारखा. मी म्हटलं, ह्यात काय पाहायचं बाप्पा. चढली. वर गेली अन् खाली पाह्यलं, तर तलाव! एक नाई जी, नजर जाईन तिथपर्यंत. वाळूचा ढीग, तलाव, वाळूचा ढीग, तलाव. एक निळा, एक हिरवा, एक आपल्या काळ्या चहासारखा. सारं पावसाचं गोडं पानी. मी चाखून पाह्यलं.

मले काय झालं काय माहीत, हसूच थांबेना. बावन्न वर्साची बाई मी, बसली त्या वाळूवर अन् घसरत खाली गेली, सीधी पान्यात. डोक्यावरून पानी गेलं. आमचा वाट दाखवनारा, झे नाव त्याचं, तो धावत आला अन् हात देऊन मले बाहेर काढलं. मी पुन्हा चढली अन् पुन्हा घसरली.

तुमच्या भावासंग मी बोलत नाई हे तुमाले माहीतच हाय. मच्छीमार सोसायटीच्या सभेत अध्यक्ष घनश्यामभाऊ म्हनले, तलावाचा कोपराही मशीननं खोदायचा का, ज्याले पटते त्यानं हात वर करा. अन् माह्या डोळ्यासमोर ह्या मानसानं हात वर केला. नऊ वर्स मी अन् बुधरीनं तो कोपरा राखला. तिथला गाळ, तिथलं कमळ, मरळ-मागूर अंडे घालते ते तिथीच. त्याले हे माहीत नाई? सोबत डोंगा वल्हवते तो मानूस!

विचारलंच त्यानं, तर सांगजा, सभा चालू हाय. खुर्चीवर बसून हाय.

तुमची,
गोकुळा

*

मु. पिंपळखुटी, ता. ब्रह्मपुरी
१९ मे २०२४

चि. सौ. गोकुळा हिला तिच्या एकुलत्या एका नणंदेचे अनेक आशीर्वाद, आणि एक रागावणे.

रागावणे यासाठी की मलेही सांगितलं नाहीस. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, शंभर पोरांची गुपितं पोटात ठेवली, तुझं एक जड झालं असतं का?

तू तिथं पाण्यात लोळून राह्यली अन् इथं पंचेचाळीस डिग्री ऊन चालू आहे. तलावाला पार भेगा पडल्या, माझा पाय जाईल एवढ्या. फक्त तुझ्या कोपऱ्यात वरची पापडी मोडली की खाली काळा गाळ दिसतो. तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. वाळवंटात पाणी अन् तलावात धूळ, हे कोणतं शास्त्र आहे बाई?

आता एक चूक कबूल करते. पत्र मी मनात वाचत होती, पण चष्मा जुना, म्हणून ओठ हलतात माझे. तुझा लटारू समोरच जेवत होता. "झे नाव त्याचं, हात देऊन मले बाहेर काढलं" एवढंच तोंडातून निघालं. याचा घास हातातच राहिला.

"झे? हे का नाव हाय का? झे म्हंजे पूर्ण काय?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

"कशाच्या बाहेर काढलं?"

"खुर्चीच्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मग तो उठला, अंगणात गेला, अन् बराच वेळ कोरड्या डोंग्याला डांबर लावत बसला. त्या डोंग्याला गेल्याच महिन्यात डांबर लावलेलं आहे.

हसण्यासारखं एवढंच. खालचं नीट वाच. घनश्याम घाईवर आला आहे. तू परतायच्या आत कोपरा खोदून मोकळं व्हायचं असं त्यानं ठरवलंय. बावीस तारखेला जेसीबी येणार. म्हणतो, खोल झाला की पाणी टिकेल, रोहू-कटल्याचं बीज टाकू, गोकुळाबाईच्या गाळातल्या मच्छीचं कौतुक कोणाला? मी लटारूला विचारलं, तू काही बोलणार आहेस का? तो चप्पल घालून निघून गेला.

तुझी,
इंदुताई

*

सांतो आमारो
२० मे २०२४

इंदुताई,

घाईत लिहून राह्यली. उद्या सकाळी निघनार, मंग तीन दिवस फोन नाई, लाइट नाई, काहीच नाई.

बावीसले मशीन येते हे वाचलं अन् मी तशीच धावत गेली. रीताले म्हटलं मले वापस पाठव. ती म्हनते, काकू, उद्या निघाल्या तरी तेवीसच्या आत पोचनार नाई. म्हंजे मी काहीच करू शकत नाई. इथी गोडं पानी पाहून राह्यली अन् तिथी माहा कोपरा जाऊन राह्यला.

बुधरीले घेऊन तुमी तिथी उभ्या राहजा. त्या मशीनवाल्याले चार दिवस थांब म्हना. तुमच्या भावाले काही सांगू नोका. त्यानं हात वर केला तेव्हाच समजलं.

झे अडुसष्ट वर्साचा हाय, त्याले अकरा नातू हायेत अन् समोरचे दोन दात नाई. पन हेही तुमच्या भावाले सांगू नोका. करू द्या विचार.

गोकुळा

*

पिंपळखुटी
२२ मे २०२४, संध्याकाळ

चि. सौ. गोकुळा,

हे पत्र पाठवते आहे, पण मोबाइलवर एकच खूण आली. म्हणजे तू वाळूतच आहेस. बाहेर निघालीस की पहिले हेच वाच, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते:

कोपरा आहे तसाच आहे.

कसा राहिला ते आत्ता विचारू नको. जेसीबी आला होता, गेला. पण घनश्यामनं पंचवीसला पुन्हा सभा बोलावली आहे. तिथं काय होईल ते सांगता येत नाही. त्याला पुरावा पाहिजे म्हणे. गाळाचा काय फायदा ते दाखवा म्हणतो.

घरी सारे ठीक. लटारूही ठीक. सध्या तो चमच्यानं जेवतो. हौस म्हणून. सदराही घालत नाही, गरमीमुळे. बाकी काही नाही.

तुझी,
इंदुताई

*

बारेरिन्यास
२४ मे २०२४

इंदुताई,

कोपरा हाय! कोपरा हाय! मी इथी बस-स्टँडवर ओरडली तर एका बाईच्या हातातली पपई खाली पडली. मंग तिले समजावून सांगितलं, मराठीत. तिनं मले मिठी मारली.

अन् हे चमच्याचं काय हाय? स्वतःच्या लग्नात ज्यानं बुंदी हातानं खाल्ली अन् चमचा खिशात टाकला, त्याले हौस? तुमाले खोटं लिहिताच येत नाई. काय झालं ते सांगा. जीव लागून हाय.

आता तीन दिवसांचं सांगते, अन् हे नीट वाचजा, पंचवीसच्या सभेत कामाचं हाय.

वाळू तापत नाई. दुपारीही नाई. अनवानी चालायचं, चप्पल हातात. एक ढीग चढला का एक तलाव, कधी काठानं जायचं, कधी मधातून, छातीइतक्या पान्यातून, पिशवी डोक्यावर. पाच जनींतल्या चौघी पहिले दिवशी घाबरत होत्या, दुसरे दिवशी पोरींसारख्या पान्यात एकमेकींले ढकलत होत्या. मी तर झेच्या डोक्यावरची टोपी घेऊन पोहत गेली. अडुसष्ट वर्साचा बुढा माह्या मांगं!

त्या वाळूच्या मधात एक वस्ती हाय. ताडासारखे झाडं, बकऱ्या, कोंबड्या, चार-पाच घरं. झेच्या बहिनीचं घर तिथीच. तिनं भात अन् मच्छी खाऊ घातली, वरून कंदाचं पीठ भुरभुरवलं. झुल्यात झोपाले दिलं. मी तिच्या चुलीजवळ बसून मच्छी साफ करू लागली तर ती माह्या हाताकडे पाहत राह्यली, अन् मी तिच्या. दोघीही पहिला काप एकाच जागी मारतो.

तिसरे दिवशी एका तलावात पाह्यलं तर मच्छी. लांबुडकी, दातवाली, आपल्या मरळीची चुलतबहीन म्हना. मी झेले खुनेनं विचारलं, ही कुठून आली? ना नदी, ना नाला, चौफेर वाळू. त्यानं आधी तलावाकडे बोट दाखवलं, मंग दोन्ही हात झटकले, म्हंजे हा पार आटते. रीतानं विचारून सांगितलं, दिवाळीच्या टायमाले इथी टिपूस राहत नाई, नुसती वाळू. मंग तो बुढा आडवा पडला, इंदुताई! वाळूवर पोटावर आडवा पडला, डोळे मिटले, अंगावर वाळू ओढून घेतली अन् गप. आमी पाहून राह्यलो. मंग त्यानं दोन बोटं पडत्या पावसासारखे स्वतःच्या डोक्यावर आपटले, एक डोळा उघडला, अन् असा वळवळत उठला का मले हसता हसता ठसका लागला.

मी म्हटलं, "मले माहीत हाय जी! आमची मरळ हेच करते!" अन् मीही आडवी पडली. त्याच्या बाजूले. गाळात कशी जाते ते करून दाखवलं. तो माह्याकडे पाहून राह्यला, मंग टाळ्या वाजवल्या त्यानं. पृथ्वीच्या दोन टोकांचे दोन मच्छीमार वाळूत लोळून राह्यले, अन् रीता फोटो काढून राह्यली.

हे सभेत सांगजा. म्हना, तळ कोरडा दिसला म्हनून मेला नाई. वरची पापडी काढून ओल्या गाळात हात घालून पाहा म्हना. आपला कोपरा खरवडून नेला तर ज्यात मच्छी झोपते ते अंथरूनच जाईन. मंग पाऊस आल्यावर कोन उठन?

एक गोष्ट सांगू का? दुसरे दिवशी मी चुकली होती. एका ढिगाच्या पलीकडे काय हाय म्हनून गेली, मंग त्याच्या पलीकडे. मांगं पाह्यलं तर हवेनं माह्या पायाचे ठसेच पुसून टाकले. कोनी नाई. नुसती वाळू अन् पानी अन् आभाळ. मले भेव वाटलं असतं, पन पहिले दोन मिनिटं मी गोल गोल फिरत होती, हात पसरून. एवढी मोकळी जागा मले जन्मात कोनी देल्ली नाई. मंग भेव वाटलं. अन् आवाज द्यायचा तर झेचं नाव तोंडात येईना. तुमच्या भावाचं नाव घेतलं. लग्नाले एकतीस वर्स झाले, कधी घेतलं नाई, तिथी तीनदा घेतलं, पूर्ण गळा काढून. त्याच आवाजावर झे आला.

हे सभेत वाचू नोका.

गोकुळा

*

पिंपळखुटी
२५ मे २०२४

चि. सौ. गोकुळा,

आता सगळं लिहिते. मध्ये उठून रडू नको, विमानतळावर लोक पाहतील.

बावीसला सकाळी बुधरी अन् मी तलावावर गेलो, तर जेसीबी आधीच उभा. घनश्याम छत्री घेऊन. अन् त्या जेसीबीच्या समोरच्या सुपड्यात, पाय बाहेर लोंबकळवून, डोक्यावर ओला दुपट्टा, मांडीवर डबा ठेवून कोण बसलेलं? तुझा नवरा.

मी म्हटलं, "लटारू, काय करून राह्यला?"

"बसलो."

घनश्याम म्हणाला, "लटारूभाऊ, तुमी सभेत हात वर केला होता ना?"

"केला होता. आता खाली केला."

"असं नाई चालत."

"मंग चालवा मशीन," म्हणाला, अन् डबा उघडून जेवायला लागला. घनश्यामलाही विचारलं, लोणचं घेता का?

चालक बिचारा चांगला होता. त्यानं इंजिन बंद केलं अन् खाली उतरून बाभळीखाली बसला. साडेतीन वाजेपर्यंत हे चाललं. ऊन डोक्यावर. लोक जमले. शेवटी घनश्यामच दमला, म्हणाला, पंचवीसला सभा घेऊ. चालक जेसीबी परत न्यायला निघाला अन् तुझा नवरा पहिलवानाप्रमाणे सुपड्यातून उडी मारून उतरायला गेला. पाय बधिर झालेले. पडला उजव्या हातावर. मनगटाचं हाड मोडलं. ब्रह्मपुरीला नेऊन प्लास्टर केलं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. त्याने मले शपथ घातली, तुला लिहायचं नाही. म्हणून चमचा.

दवाखान्यातून येताना जीपमध्ये मी त्याला विचारलं, "तोच हात का रे, सभेत वर केलेला?" त्यानं प्लास्टर पाहून घेतलं अन् म्हणाला, "तोच."

आता आजची सभा. मी तुझं पत्र घेऊन उभी राहिली. ठरवलं होतं, मच्छीपर्यंतच वाचायचं. पण तो बुढा वाळूत आडवा पडतो तिथं सगळे असे हसले, घनश्यामही हसला, की माझा वेगच थांबेना. वाचत गेली अन् वाचत गेली. "हे सभेत वाचू नोका" हेही मी वाचलं. पूर्ण.

गोकुळा, साठ माणसं बसलेली. मग कोणीतरी मागून म्हणालं, "तीनदा?" अन् सगळी सभा लटारूकडे वळली. त्याचे कान पिकल्या टमाट्यासारखे. तो उठला, भिंतीला टेकवलेलं फावडं डाव्या हातात घेतलं अन् बाहेर चालू लागला. मले वाटलं लाजला. पण तो सीधा तलावात उतरला. सगळी सभा त्याच्या मागे.

कोपऱ्यात गेला. एका हातानं पापडी काढायला लागला, जमेना. बुधरी पुढं झाली, मग स्वतः घनश्याम. कोपरभर खाली काळा, थंड गाळ. बुधरीनं हात खांद्यापर्यंत घातला. तिनं डोळे मिटले, चाचपत राहिली, अन् मग एकदम किंचाळली, "हाय गा! हाय!"

मरळ. हातभर लांब, गाळानं माखलेली. बाहेर काढल्याबरोबर तिनं अशी शेपटी मारली की घनश्यामच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाची रांगोळी. त्याच्यामागे अजून एक. मग दोन मागूर. बाया नाचायला लागल्या. पंचेचाळीस डिग्रीत, कोरड्या तलावात, खरंच नाचल्या. मीही. माझा गुडघा आत्ता बोलून राह्यला.

घनश्यामनं एक मरळ दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला, "माहा बाप असाच काढायचा. मी विसरलोच होतो." मच्छी त्यानं स्वतः परत गाळात घातली, वरून ओला गाळ ओढला, लहान लेकराला पांघरूण घालावं तसा. कोपऱ्याला यापुढे मशीन लागणार नाही असं तिथंच, चिखलात उभं राहून ठरलं. बाकीचा तलाव खोल होईल, तिथं रोहू-कटला. हे तुलाही मान्य होईल, मी तुझ्या वतीनं हो म्हटलं.

लटारू लिहायचं आहे म्हणतो. मी म्हटलं, सांग, मी लिहिते. तर नाही म्हणाला. दार लावून बसलाय.

तुझी,
इंदुताई

*

पिंपळखुटी
२६ मे

गोकुळा,

मी कधी पत्र लिहिलं नाई. हे डाव्या हातानं हाय, अक्षराले हासू नको. हासली तरी चालन.

त्या दिवशी हात काऊन वर केला ते मी लय विचार केला. बाजूचे सारे वर करून राह्यले होते, माहाही गेला. दुसरं कारन नाई. तू माह्याकडे पाह्यलं तेव्हा खाली घ्यायचा होता. नाई घेतला. ते चुकलं.

त्या बुढ्याले माहा रामराम सांग. मले आधी त्याचा राग आला होता. मंग इंदूनं वाचलं, तो मरळीसारखा झोपला. तसा मानूस वाईट नसते.

तू हात पसरून गोल फिरली म्हनते. ते मले पाहायचं होतं. एवढ्या वर्सात तुले तसं फिरताना मी पाह्यलं नाई. आपल्या तलावाच्या पाळीवर जागा हाय. लोक पाहतीन, पाहू दे.

एवढं लिहाले सकाळची दुपार झाली. आता उठतो. साडेतीनची नागपूर बस हाय. तुहं विमान परवा येते हे मले माहीत हाय. इंदू दारात उभी राहून ओरडून राह्यली का दोन दिवस तिथी काय करशीन, कुठी झोपशीन, हातात प्लास्टर हाय. तरी मी आजच निघतो. विमान लवकर-बिवकर आलं, तर तू तिथी एकटी उभी राहशीन.

लटारू